चार इंच कमी पडले म्हणून

रविवार, दुपार
(गाव तेच, तालुका पाथर्डी, ओटाही तोच. शेळी मात्र आता बांधून ठेवतो.)

तीर्थस्वरूप मनकर्णामावशी, तुझ्या पायांवर डोकं ठेवून रेश्माचा नमस्कार.

सगळ्यात आधी एक विनंती. या पत्राबरोबर अंगददादाच्या हाती एक पिशवी पाठवते आहे. पत्र शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर ती उघडायची नाही. गाठ मुद्दाम घट्ट मारली आहे. तू दातांनी सोडवायला जाशील म्हणून आधीच सांगते, मागच्या खेपेला लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडताना तुझा पुढचा दात हलला होता. तो दात आता कसा आहे? गुडघे कसे आहेत? तुमच्या शेंडी गावात थंडी पडली असेल, तर पायमोजे घालतेस की मी दिलेले पायमोजे अजून कपाटात पुजून ठेवले आहेस? (मोठ्यांना पत्रात 'तुम्ही' लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण तुला 'तुम्ही' म्हटलं की तू मागे वळून कोण आलंय ते बघतेस.)

काकांबद्दल मात्र जरा सविस्तर कळव. ते हल्ली रोज सकाळी धरणाकडे चालायला जातात, असं अंगददादा म्हणाला, आणि खरं सांगते, मला काळजीच वाटली. त्यांच्या वयात असं एकाएकी बारीक होणं बरं नसतं, असं मी कुठेतरी वाचलं आहे (कुठे ते आठवत नाही, पण छापील होतं). धरणाकाठच्या तुमच्या तंबूत उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी पिठलं झालं की आधी काकांनी चाखून बघायचं, ही तुमच्याकडची पद्धत फार चांगली आहे. ती मोडू देऊ नकोस. लग्नघरात मुलाच्या बापाने भरलेलं दिसावं.

फोन न करता पत्र का लिहिलं, असं तू म्हणशील. एक तर तुझ्याकडे रेंज नाही. पाण्याच्या टाकीपाशी एक हात वर करून उभं राहिलं तरच तुला माझा आवाज येतो, आणि तेवढ्यात तुझा हात दुखायला लागतो. दुसरं म्हणजे, फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. अंगददादा गावात स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला गेला आहे, घरोघरी त्याला चहा घ्यावा लागेल, म्हणजे संध्याकाळपर्यंत मला निवांत लिहिता येईल.

तर मावशी, मला नोकरी लागली. हे तुला कळलं असणारच, कारण तात्यांनी ते आपल्या जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगितलं आहे, आणि पाथर्डी ते नगर रस्त्यावर तात्यांच्या जीपमध्ये न बसलेला माणूस शोधावा लागेल. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात घेतलं आहे. मशीनमधून लोखंडी कड्या निघतात, त्या बरोबर मापाच्या आहेत की नाहीत ते मोजून बघायचं, हे माझं काम. माझी बी.एस्सी. गणितातली, म्हणून मला निवडलं. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, मोजमापात चूक होते का तुमची? मी म्हणाले, कधीच नाही सर. (हे वाक्य लक्षात ठेव.)

सोमवारी सकाळी आठला गेटवर हजर राहायचं, आणि कपडे कसे हवेत तेही पत्रात ठळक लिहिलं होतं. गडद निळी पँट, आत खोचलेला शर्ट, ओढणी नाही, सैल काही नाही. यात वाईट काहीच नाही. फिरत्या मशीनला ओढणी कळत नाही. वेषात नसेल त्याला गेटच्या आत घेणार नाहीत, आणि त्याची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देतील, असंही खाली होतं. मी ते आई-तात्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आपल्या घरात आजवर पँट घातली ती फक्त तात्यांनी, आणि तीही जीपच्या पासिंगच्या दिवशी.

आधी आम्ही रीतसर नगरच्या कापडबाजारात गेलो. मावशी, मी तिथे इतक्या पँटी चढवल्या आणि उतरवल्या की शेवटी पडद्यामागच्या त्या खोलीतच मला घरच्यासारखं वाटायला लागलं. मांडीला नीट बसेल तिचं बटण काजापर्यंत पोचायचं नाही. आणि ज्या पँटीचं बटण लागेल ती मागून अशी लोंबायची की आत पायलीभर बाजरी मावली असती. पहिल्या प्रकाराला दुकानदार म्हणायचा, "ताई, जरा श्वास आत घ्या." दुसऱ्या प्रकाराला म्हणायचा, "ताई, वरून शर्ट सोडा, कुणाला दिसतंय?" आता आठ तासांची ड्यूटी. आत घेतलेला श्वास मी सोडायचा कधी? आणि शर्ट तर आतच खोचायचा आहे. मला राहूनराहून वाटत होतं, की या सगळ्या पँटी कुठल्या तरी एकाच मुलीच्या मापाने शिवल्या आहेत आणि ती मुलगी अजून सापडलेली नाही.

घरी आल्यावर मी ओट्यावर उभी राहून बोलले. (आई म्हणते मी भाषण केलं. मी फक्त मनातलं सांगितलं.) मी म्हणाले, आपण आपलं अंग दुसऱ्याच्या कपड्यात कोंबत आलो, हे आता बंद. शिकलेल्या माणसाला आपली पँट आपल्या कमरेची करून घेता आली पाहिजे. मी सोमवारी जाईन ती स्वतः शिवलेल्या पँटमध्येच जाईन. आई भाकरी थापायची थांबून ऐकत होती. तात्या म्हणाले, "समदं खरं. पर भाषानानं शिवती व्हय पँट?"

शिलाई मशीनचा प्रश्न नव्हता. तुम्ही शेंडीला राहायला गेलात तेव्हा तू तुझं मशीन आमच्याकडे ठेवलंस, त्याला मी दर अमावास्येला तेल घालत आले आहे. आणि कापड घरातच निघालं. छान, जाड, गडद निळं. (कापडाचा विषय आत्ता नको.)

पॅटर्न म्हणजे पँटीचा कागदी नकाशा. पुढचा भाग, मागचा भाग, कमरेचा पट्टा, खिसा, असे तुकडे कागदावर आखलेले असतात, ते कापडावर ठेवून कापायचं. तो मला मोबाईलवर फुकट मिळाला. पाथर्डीला फैयाजभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. त्या पॅटर्नवर एका कोपऱ्यात दोन इंचांचा चौकोन असतो, तो छापून झाल्यावर पट्टीने मोजायचा, म्हणजे नकाशा खऱ्या मापात आला की नाही ते कळतं. मी पट्टी घेऊनच गेले होते. चौकोन दीड इंच भरला. फैयाजभाई म्हणाले, "ताई, कडा कटू नयेत म्हणून बारीक केलंय थोडं. अक्षरं वाचता येतायत ना?" मी म्हणाले, भाई, मला ती वाचायची नाही, घालायची आहे. ते म्हणाले, आधार कार्डपण असंच करून देतो, आजवर कुणाची तक्रार नाही. पण पुन्हा छापून दिलं, आणि बारीक आलेले कागद त्यांनी स्वतःच्या मुलीला दिले, तिच्या बाहुलीसाठी. बाहुलीला ती पँट पहिल्या खेपेत बसली म्हणे. माझं पुढे ऐक.

हे कागद वहीच्या पानाएवढे सुटे निघतात, ते एकाला एक चिकटवायचे. मी गोंद आणायला निघाले तर आई म्हणाली, "घरात पीठ आसताना गोंद कशाला? पतंगाला काय लावत हुतो आमी?" आणि तिने पातेलंभर खळ शिजवून दिली. गव्हाच्या पिठाची, चांगली घट्ट. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत पॅटर्न पसरला. तात्या जेवायला आले तर त्यांना पाय ठेवायला जागा नव्हती, ते उंबऱ्याबाहेरच ताट घेऊन बसले आणि शेळीशी बोलत जेवले. (खळ आणि शेळी, दोन्ही लक्षात ठेव.)

मग माझी कंबर मोजायची वेळ आली. आई टेप हातात घेऊन नुसती उभी. "आगं, तरण्या पोरीची कंबर मोजत्यात व्हय कुनी? दिष्ट लागंल." मी तिला समजावलं, की कंबर ही एक संख्या आहे. तिने मोजली. बत्तीस. लगेच टेप खाली ठेवून मीठ-मोहरी घेऊन आली आणि माझ्यावरून उतरवून चुलीत टाकली. मोहरी तडतडली नाही, तर म्हणाली, माप चुकलं असंल, पुन्हा मोजते. पुन्हा बत्तीस. पुन्हा मीठ-मोहरी. अशी माझी कंबर पक्की झाली.

पॅटर्नची कंबर होती अठ्ठावीस. मांडीला तो मला नेमका होता, कमरेत चार इंच कमी. दुकानातलंच दुखणं, फक्त आता औषध माझ्या हातात होतं. मला फार आनंद झाला, मावशी. चार इंच! चार इंचांसाठी मी कापडबाजार पालथा घातला होता. व्हिडिओत दाखवलं होतं तसं पुढच्या भागाची बाहेरची कड धरून खडूने वाढवली, चार इंच. मग मागच्या भागाची कड वाढवली, चार इंच. खाली पोटरीपर्यंत रेघ अलगद उतरवत आणली. पट्टाही त्या कडांना लावून तेवढाच लांब केला, कारण पट्टा पँटीला जुळला पाहिजे, हे मला न शिकवता सुचलं. कापडाची दुहेरी घडी घातली, नकाशा ठेवला, आणि कात्री चालवली. कात्रीचा काय सुंदर आवाज येत होता.

तुला कळलं ना? मला नाही कळलं. पुढचा एक कागद, मागचा एक कागद, आणि दुहेरी घडी म्हणून प्रत्येकाचे दोन-दोन तुकडे. म्हणजे चार तुकडे, आणि प्रत्येकाला चार इंच. बालवाडीतलं पोर बोटं मोडून सांगेल ते मला गणितात पदवी घेऊन दिसलं नाही. पण यात सगळा दोष माझा नाही, आपल्या घराण्याचा आहे. आपल्याकडे नवीन कपडा मोठाच असतो! मला पाचवीत शिवलेला गणवेश आठवीत अंगाला आला. अंगददादा मुंजीच्या वयात शिवलेला कोट साखरपुड्याला घालणार होता. (काका नको म्हणाले म्हणून राहिलं.) त्यामुळे कापलेले तुकडे बघून आईला काही वावगं वाटलंच नाही. "लई ढगळ न्हाई ना गं?" एवढंच मी विचारलं. (उत्साहात मी तुमच्यासारखी बोलते.) आई म्हणाली, "नवं हाय. नवं ढगळच आसतंय."

शनिवारी दुपारी पँट तयार झाली. चेन बसवली, खिसे बसवले, काज केलं, बटण लावलं. मी आत उभी राहिले, बटण लावलं, हात सोडले. पँट क्षणभरही विचार न करता खाली जाऊन बसली. पुन्हा वर ओढली, पुन्हा बसली. आईने बघितलं, आणि ती हसायला लागली. तिचं हसणं तुला माहीत आहे, आधी आवाज येत नाही, नुसती हलते. मी रडायच्या बेतात होते, पण तिला बघून मलाही आवरेना. मग आम्ही एक-एक पाय वाटून घेतला, डाव्यात मी आणि उजव्यात आई, आणि बटण लावलं. लागलं! अशा आम्ही दोघी आतल्या खोलीतून चुलीपर्यंत चालत गेलो. मग आई म्हणाली, मला नीट घालून बघू दे, जन्मात घातली न्हाई. आणि तिने नऊवारीवरूनच ती वर चढवली. मावशी, लुगड्यासकट बसली. ती आरशात पुढून बघते, मागून बघते, खिशात हात घालून उभी राहते, आणि म्हणते, "खिसा लई ब्येस हाय गं. आमाला कुनी दिलाच न्हाई."

इतक्यात शेळी आत आली. आम्ही हसून हसून भिंतीला टेकलो होतो, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. तिने सगळे कागद हुंगले, आणि पॅटर्नचा मागचा भाग, ज्याला सगळ्यात जास्त खळ लागली होती, तो तोंडात धरून चालू पडली. मी ओरडले. आई धावली. पँट काढायला वेळ कुठे होता? पुढे शेळी, तिच्या तोंडात माझा मागचा भाग, तिच्यामागे निळ्या पँटीतली आई, वर पदर खोचलेला, हातात काटकी, आणि मागून मी पट्टी घेऊन. नेमकी तेव्हाच तात्यांची जीप फाट्यावरून आत वळली. आठवडी बाजाराची जीप, मावशी. आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर कोथिंबीर.

तात्यांनी ब्रेक मारला. स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. पण पुढच्या सीटवर वैजनाथ आबा होते, ते गप्प बसणाऱ्यातले नाहीत. डोकं बाहेर काढून म्हणाले, "भीमाबाई, पोलिसात लागलीस व्हय गं?"

आणि आपली आई, जिने आजवर जीपसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "व्हय आबा. पयलीच ड्यूटी हाय, चोर म्होरं पळतोय. तुमी जीप आडवी लावा."

आबांनी खरंच सगळ्यांना खाली उतरवलं. सगळ्या जीपने मिळून शेळी धरली. पण तोपर्यंत मागच्या भागाचं फक्त कमरेचं टोक उरलं होतं, त्यावर 'येथे दुमडा' असं छापलेलं होतं. बायकांनी आईच्या पँटीला हात लावून कापड बघितलं. एक जण म्हणाली, कापूस वेचायला लई बरी, काटं लागायचं न्हाईत. आईने दोन्ही खिशांतून हात काढून दाखवले. तात्या घरात आले, पाणी प्याले, आणि एवढंच म्हणाले, "सोमवारचं काय ठरलं?"

तिथे माझं हसू थांबलं. सोमवार परवावर आला होता. पॅटर्नचा मागचा भाग शेळीच्या पोटात, जेवढं कापड होतं त्यातलं मोठं कापड त्या पँटीत (आणि ती उसवायला आई देईना), आणि उरलेल्या तुकड्यात एकदाच कापता येईल, दुसऱ्यांदा नाही. आणि गेटवरच्या यादीत माझ्यानंतरचं नाव कुणाचं तरी असणार, ती मुलगीही कुठे तरी आपली पँट शोधत असणार. मला वाटलं, तात्या म्हणतील, जाऊ दे. ते म्हणाले नाहीत. त्यांनी टपावरच्या रिकाम्या युरियाच्या गोण्या आणून माझ्यापुढे टाकल्या. "ह्याच्यावर कर काय ती धडपड. कापड र्‍हाऊ दे."

मग मी नीट बसले. शेळीने एक उपकार केला होता. मागचा भाग आता मलाच आखायला लागणार होता, म्हणजे तो तसा का असतो ते कळल्याशिवाय सुटका नव्हती. आईने पुन्हा मापं घेतली (पुन्हा मीठ-मोहरी). उभी असताना कंबर, मांडी घालून बसल्यावर कंबर, दोन भाकरी खाल्ल्यावर कंबर. मावशी, एकाच कमरेची तीन मापं येतात! हे पुस्तकात कुणी लिहीत नाही. मग चाराला चाराने भागलं. एक. प्रत्येक कडेला फक्त एक इंच, तोही कमरेपाशी, खाली नितंबापर्यंत येईतो शून्य. मागून पट्टा पाठीपासून सुटू नये म्हणून दोन बारीक चुण्या घेतल्या. आणि आधी ती सगळी पँट युरियाच्या गोण्यांची शिवली.

ती मी घालून बघितली, आणि ती बसली. चालताना कुरकुर वाजत होती, पण बसली. फक्त गोणीवरची अक्षरं मी बघितली नव्हती. मागे, नेमकं जिथे यायला नको तिथे, 'निव्वळ वजन ४५ किलो' असं आलं होतं. तात्या कधी नव्हे ते हसले. आई म्हणाली, "खोटं छापत्यात मेले."

रविवारी खरी पँट शिवली. जेवढं कापड होतं ते सगळं लागलं, हातरुमालाएवढंही उरलं नाही. सोमवारी पहाटे तात्यांनी जीप काढली आणि एकही प्रवासी न घेता मला नागापूरला नेलं. वाटेत हात करणाऱ्या माणसांना ते खिडकीतून सांगत होते, "आज रिझर्व हाय."

गेटवर आम्ही नवीन मुली रांगेत उभ्या होतो. सगळ्यांच्या पँटी दुकानातल्या. आमच्या विभागाच्या मॅडम आल्या, सगळ्यांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आत घेतलं. आणि पहिल्याच कामाला सांगितलं, मशीनच्या खाली वाकून तेलाची गळती बघा. सगळी रांग उकिडवी बसली. मावशी, काय सांगू! कुणी एका हाताने मागून शर्ट धरलाय, कुणी कमरेचा पट्टा धरलाय, एकीचं बटण उडून मशीनखाली गेलं. मी दोन्ही हात मोकळे ठेवून खाली बसले, गळती शोधली, आणि उठले. पँट जागची हलली नाही. माझ्या शेजारी नगरची फरीदा होती, तिच्या पँटीत मागून हात आरपार जातो, तिने बेल्टला घरी खिळ्याने भोकं पाडली आहेत. ती कानात म्हणाली, "कुठून घेतलीस गं?" मी म्हणाले, शिवली. ती म्हणाली, "चल, खोटं." मी तिला शिलाई दाखवली. ती म्हणाली, "माझी पण कर ना. माझी कंबर कुणाला दिसतच नाही, सगळे मांडीच मोजतात." मी तिला लगेच सांगितलं, आधी उभी असताना मोज, मग बसून, मग जेवून.

त्या दिवशी मी कड्या मोजल्या. केसाच्या जाडीचाही फरक चालत नाही तिथे. मॅडम म्हणाल्या, हात पक्का आहे तुझा. तेव्हापासून आठवडा झाला, रोज जाते आहे. संध्याकाळी तात्या गेटपाशी जीप लावून उभे असतात, आणि आत बसलेल्या माणसांना म्हणतात, थांबा जरा, आमच्या सायबीनबाई येतायत.

आई तुझी फार आठवण काढते. (ती पँट तिने आठवडाभर सोडलीच नाही. शेवटी मी काल धुवायला म्हणून काढून घेतली.) अंगददादाचा आवाज यायला लागला आहे, म्हणून आवरते. वहिनी चांगली आहे, फोटोत बघितली. तुला, काकांना पुन्हा नमस्कार, आणि तंबूतल्या पाहुण्यांना माझ्यातर्फे एक एक वाटी पिठलं.

तुझी,
रेश्मा

ता. क. अंगददादा म्हणाला, तू मशीनही परत मागितलं आहेस. तो दोरखंडही घेऊन आला आहे. मावशी, मशीन आत्ता नेऊ नकोस गं. फरीदाची पँट अर्धी कापून झाली आहे, तिच्यामागे अख्खी रांग आहे. मी दादाला सांगितलं की एक नट गंजून बसला आहे. (ज्या नटाला मी दर अमावास्येला तेल घालते, तोच.) लग्न झाल्यावर सावकाश बोलू.

ता. क. २. कापडाचा विषय. तू ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जे निळं कापड ठेवलं होतंस, ते तू माझ्यासाठीच ठेवलं असशील, असं आई म्हणाली आणि मला लगेच पटलं. आज सकाळी दादाने येऊन सांगितलं की ते काकांच्या सफारीचं आहे, लग्नात घालायचं, आणि ते न्यायलाच तो आला आहे. मी पाटावर बसले ती उठलेच नाही. मग मी त्याला सहज विचारलं, काकांची कंबर किती रे? तो म्हणाला, चव्वेचाळीस. मावशी, अठ्ठावीस अधिक सोळा किती होतात ते तू बोटांवर मोज. काकांच्या सफारीची पँट तयार आहे! पिशवीत तीच आहे. उंचीला काका माझ्याएवढेच, त्यामुळे दुमडायचीही गरज नाही. कुठल्याही शिंप्याने काकांना न बघता इतकी नेमकी शिवली नसती. म्हणून म्हणते, त्यांचं ते चालणं आजच्या आज बंद कर.

ता. क. ३. सफारीच्या शर्टाचं कापड मी रोज घालून कामाला जाते. काकांना पांढरा शर्ट जास्त खुलेल.

ता. क. ४. आता पिशवी उघड. घाईत घरात अस्तर मिळालं नाही, म्हणून पँटीचे खिसे माझ्या जुन्या परकराचे केले आहेत, गुलाबी फुलांचे. बाहेरून काही दिसत नाही. फक्त अक्षता पडत असताना काकांनी रुमाल जरा हळू काढावा.